पंधरवडा उलटू दे

सप्टेंबर आला की माझा चष्मा आंधळा होतो. गाडीतल्या गारव्यातून बाहेर पाय टाकला रे टाकला, की काचांवर वाफ चढते आणि मी बहारीनच्या झिंज भागातल्या आमच्या गल्लीत, किराणा दुकानासमोर, हातात दह्याची पिशवी घेऊन पुतळ्यासारखा उभा राहतो. दुकानदार केरळचा. त्याला आता सवय झालीय. तो आतूनच ओरडतो, "साब, लेफ्ट में खंबा है!" मी उजवीकडे सरकतो. तिथे बहुधा मांजर असतं.

आपल्याकडच्या लोकांना वाटतं, आखातात ऑगस्ट संपला की माणूस सुटला. जुलैत बहारीनला ऊन मारतं, पण ऊन निदान समोरून येतं. सप्टेंबरात हवा मारते. समुद्र उठून गल्लीत येतो आणि छातीवर बसतो. इमारतींच्या एसींमधून पाणी ठिबकत राहतं, फुटपाथवर त्याची डबकी होतात, पापड डब्यात असूनही मलूल पडतात. थंड पाण्याच्या नळाला गच्चीवरच्या टाकीतलं उकळतं पाणी येतं, म्हणून आम्ही गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून अंगावर घेतो. गरम हवं तर थंडाचा नळ, गार हवं तर गीझर. पाहुण्यांना हे समजावून सांगताना मी नेहमी एखाद्या प्राध्यापकाचा आव आणतो. या देशात इतकी वर्षं काढून मला खात्रीने शिकवता येईल असा हा एकच विषय आहे.

आणि याच महिन्यात भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटावं लागतं. भारतातून कोणीतरी बॅगेत गुंडाळी करून आणलेलं, कडा अजून वळलेल्या. गणपती संपले की पुढचे चौकोन येतात. प्रतिपदा श्राद्ध, द्वितीया श्राद्ध, असे ओळीने. पूर्वी मी ते न वाचता पुढे जायचो. आता त्या पानाकडे तिरका बघतो, जसं आपण पैजेत आपल्याला हरवणाऱ्या माणसाकडे बघतो.

त्या सप्टेंबरात आम्ही शाळा काढत होतो.

"आम्ही" म्हणजे खरं तर माझी बायको वृंदा. ठाण्यात शिकवलं, मग इथल्या मोठ्या शाळेत शिकवलं, आणि एक दिवस घरी येऊन पर्स सोफ्यावर टाकून म्हणाली, "पाचवीतल्या पोरांनी अंकुरणाच्या सगळ्या पायऱ्या धडाधडा म्हणून दाखवल्या. मी भिजवलेले मूग नेले होते, तर विचारतात, मिस, यातून हे खरंच बाहेर येतं?" त्या दिवशी तिच्या डोक्यात शाळा शिरली. हाताने शिकायची शाळा. धडे नाहीत, कामं. बाग लावा, पूल बांधा, भाकरी भाजा, आणि त्यातून गणित, विज्ञान, भाषा काढा. अमेरिकेत चार्टर स्कूल म्हणतात तसं काहीतरी तिने वाचलं होतं: देखरेख सरकारची, चालवणारे आपणच, प्रवेश सगळ्यांना. परीक्षा नाही, मुलाखत नाही, ओळख नाही. जागा कमी पडल्या तर चिठ्ठ्या.

मराठी माणसाला काही काढायचं म्हटलं की आधी समिती लागते. आम्हीही केली. अध्यक्ष कुलकर्णी, पुण्याचे, मोठ्या कंपनीत इंजिनिअर, प्रत्येक वाक्याआधी "मुळात" म्हणणारे. सचिव मी, कारण प्रिंटर माझ्या घरी होता. पालकांचा प्रतिनिधी म्हणून दीपक. दीपक माझा चुलतभाऊ, गुहागरकडचा. इथे कंपनीची बस चालवतो, रोज सखीरच्या विद्यापीठावर माणसं सोडतो आणि आणतो. त्याला इथे मीच आणलं होतं. वृंदा मुख्याध्यापिका होणार, म्हणजे पगारी. म्हणून नियमाप्रमाणे कागदावर सह्या आम्हा तिघांच्याच. बैठका आमच्या हॉलमध्ये. वृंदा मुद्दे मांडायची, आम्ही पोहे खायचो आणि "मुद्दा महत्त्वाचा आहे" म्हणायचो.

दीपक समितीत आला तो मुलीसाठी. ओवी, नऊ वर्षांची. बोलायला चुरचुरीत, हाताला हुशार, पण कागदावरची अक्षरं तिच्यासमोर जागा बदलायची. तिच्या शाळेने वर्ष संपताना "दुसरीकडे बघा" असं गोड शब्दांत सांगितलं होतं. दुसरीकडे एकतर जागा नव्हती, नाहीतर प्रवेश परीक्षा होती, आणि परीक्षेत पुन्हा तीच नाचरी अक्षरं. एप्रिलपासून पोरगी घरात. दीपकच्या बायकोने, स्वातीने, मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून विचारलं होतं, "भावजी, ही शाळा होणार ना नक्की? नाहीतर मला हिला घेऊन गावाला जायला लागेल. हे इथे, आम्ही तिथे. मग कशाचं घर?"

आखातात राहणाऱ्याला हे फोडून सांगावं लागत नाही. शाळा नसेल तर कुटुंब परत जातं आणि बाप बॅचलर खोलीत जातो. चाळिशीच्या माणसाला पुन्हा बॅचलर म्हणतात, आणि तो पुन्हा दुसऱ्याच्या घोरण्याखाली झोपायला शिकतो.

"होणार म्हणजे काय," मी म्हणालो होतो. "झालीच समज."

त्या उन्हाळ्याचे वास मला अजून येतात. वृंदाने आमच्याच हॉलमध्ये नमुन्याचा वर्ग चालवला. बाल्कनीत थर्माकोलची खोकी, त्यात माती, त्यात मेथी, आणि मेथीला पाणी एसीचं. मुलांनी नळी लावून ठिबकणारं पाणी बादलीत धरलं होतं. ओल्या मातीचा, घामेजल्या पोरांचा आणि फेव्हिकॉलचा असा एक वास घरभर. मी ऑफिसातून, सीफ भागातल्या काचेच्या टॉवरमधून, टाय सैल करत यायचो आणि माझ्याच सोफ्यावर मला जागा नसायची.

"ओवी, बाळा, याला वास येतोय गं," मी एकदा खोक्याकडे बघून म्हणालो.

"इट्स नॉट स्मेलिंग, काका," ती मान वर न करता म्हणाली. "इट्स ग्रोइंग."

"मराठीत सांग."

"वाढतंय. यू डिस्टर्ब करताय."

बादली भरायला दमट दिवशी कमी वेळ लागतो आणि कोरड्या दिवशी जास्त, हे तिने आपलं आपण शोधून काढलं. मग हवेत पाणी असतं हे तिला सांगावंच लागलं नाही. ती मलाच सांगायला लागली. चष्म्यावरची वाफ का येते हेही मला तिनेच समजावलं, आणि वर म्हणाली, "एवढा मोठा झालात, कोणी सांगितलं नाही?" वृंदा स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती एरवी गाणं गुणगुणणारी बाई नाही. त्या दिवशी गुणगुणत होती.

चिठ्ठ्याही आमच्याच हॉलमध्ये काढल्या. स्टीलच्या पिठाच्या डब्यात नावं, आणि उचलायला शेजारचं दीड वर्षाचं पोर. त्याने पहिली चिठ्ठी खाल्ली, ती तोंडातून काढून वाचावी लागली. ओवीचं नाव निघालं तेव्हा स्वाती ओढणी तोंडाशी धरून बाल्कनीत गेली आणि मेथीकडे तोंड करून रडली. दीपक सगळ्यांना पेढे देत सुटला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "दादा, वयनीचे पाय धरायला पायजेत." मी म्हणालो, "सचिवांचेही धर." तो खरंच वाकला. मीच ओशाळलो.

सरकारची मंजुरी आली, पण अट होती: जागेचा नोंदणीकृत करार दिलेल्या मुदतीत जमा करा, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्यापासून. आणि जागा आम्हाला मिळाली होती. झिंजमध्येच, दोन गल्ल्या सोडून, अबू खलील यांचा जुना व्हिला. तळमजला, मोठं अंगण, अंगणात खजुराचं झाड, आणि बाजूला रिकामं गॅरेज. त्या गॅरेजमध्ये उभी राहून वृंदा नुसती भिंतींना हात लावत फिरली. "इथे सुतारकाम," ती म्हणाली. "इथे चूल. इथे पोरांनी बोंबलायचं."

अबू खलील सत्तरीचे, पांढराशुभ्र पायघोळ थोब, हातात माळ. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी बोलायचे, व्याकरणाला फारसं न विचारता. "बच्चा लोग का स्कूल? यल्ला, अच्छा काम. इतवार को आओ, साइन करो, खलास."

इतवार म्हणजे रविवार. शुक्रवारी रात्रीच्या जेवणाआधी आमची बैठक झाली. पोहे होते. कुलकर्णींनी डिश खाली ठेवली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, घसा साफ केला.

"मुळात," ते म्हणाले, "घाई काय आहे? मुदत भरपूर आहे. जरा पंधरवडा उलटू दे."

कोणता पंधरवडा, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. आम्ही विज्ञाननिष्ठ शाळा काढत होतो, आणि पितृपक्षात करारावर सही कशी करायची, या प्रश्नापाशी तीन बाप्ये अडले होते. कुलकर्णी स्वतः काही मानत नाहीत; त्यांची आई मानते, आणि ती पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करते. मीही मानत नाही. पण मी दीपककडे पाहिलं. त्याचे वडील, माझे काका, गेल्याचं वर्षश्राद्ध उन्हाळ्यातच झालं होतं. काकांचा हा पहिलाच पक्ष. त्याच्या मनात काय असेल? त्याच्यासमोर मी कसं म्हणू की काही होत नाही, कर सही?

दीपक पोह्यांतले शेंगदाणे एका बाजूला करत होता.

"चालेल," मी म्हणालो.

वृंदाने आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. कुलकर्णी गेल्यावर स्वयंपाकघरात मला विचारलं, "खरं कारण काय आहे?"

"पाण्याची टाकी बघून घ्यायला हवी. जुनं बांधकाम आहे."

"तुला टाकी आणि पिंप यातला फरक कळत नाही."

"कुलकर्णी इंजिनिअर आहेत ना."

"अरे, मला सांग तरी सरळ. भांडता तरी येईल."

सरळ सांगायची लाज वाटली, हेच खरं. तिला सांगायचीही, आणि त्याहून जास्त अबू खलीलना सांगायची. एका परक्या माणसाला, ज्याच्या घरात आपण विज्ञान शिकवणार, त्याला काय सांगायचं? आमचे मेलेले लोक सध्या जेवायला आलेत? म्हणून आम्ही त्यांना टाकीचं सांगितलं. त्यांनी प्लंबर पाठवला. टाकी ठणठणीत निघाली. मग आम्ही एसींचं सांगितलं. त्यांनी माणूस लावून एसी साफ करून घेतले. मग कुलकर्णींनी गटाराचा उतार काढला. "मुळात उतार कमी आहे," ते फोनवर म्हणाले आणि फोन ठेवून कपाळ पुसलं. पलीकडून अबू खलील म्हणाले होते, "मफी मुश्किल, कोई मुश्किल नहीं, जैसा तुम्हारा मर्जी."

त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी चालायला म्हणून त्या घरावरून जायचो. साखरपुडा झालेला मुलगा जसा मुलीच्या घरावरून उगाच चक्कर मारतो, तसा. झाडावर खजुराचे शेवटचे घोस काळपट होऊन लोंबत होते. गेट बंद. आत आपली शाळा. एवढं बघायचं, घाम पुसायचा, परत यायचं.

आठवड्याने गेट उघडं दिसलं. दारात ट्रक. दोन माणसं ताडपत्रीखालून एक खुर्ची उतरवत होती, पाठीमागे रेलणारी, वर दिवा असलेली, दातांच्या डॉक्टरकडे असते तशी.

मी तिथूनच कुलकर्णींना फोन केला. आम्ही दोघे अबू खलीलच्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो तेव्हा आमच्या शर्टांच्या पाठी अंगाला चिकटलेल्या होत्या. त्यांनी छोट्या कपांतून काव्हा, म्हणजे अरबी कॉफी दिली, खजूर पुढे केले. रागावलेले नव्हते. उलट आमचीच समजूत काढत होते.

"मेरा भांजा का क्लिनिक है. वो बहुत दिन से मांगता. हम बोला, नहीं, बच्चा लोग का स्कूल है. फिर तुम बोला टंकी. हम टंकी देखा. तुम बोला एसी. हम समझा, तुम को घर पसंद नहीं, शरम से बोलता नहीं. कोई बात नहीं. होता है."

कुलकर्णींनी कप खाली ठेवला. या माणसाने पुण्यात आणि बहारीनमध्ये मोठमोठ्या सभा गाजवलेल्या. आता तो चाचरत हिंदी जुळवत होता. "वो... असल में... हमारा एक पंधरा दिन होता है. जो लोग गुजर गया, उन के लिए. उस में नया काम..."

अबू खलीलनी मान वर केली. माळ थांबली होती.

"मरा हुआ आदमी के लिए?" ते म्हणाले. "बाप के लिए, मां के लिए?"

"हां."

"तो मेरे को बोलना था ना, भाई. मरा हुआ के लिए कौन नहीं रुकता? हम भी रुकता. हम महीना रुकता." मग हळूच, जणू स्वतःशीच, "तुम टंकी बोला."

आम्ही परत निघालो. बांग झाली, दुकानांचे दिवे लागले, कुठूनतरी ताज्या खबूस रोटीचा खरपूस वास आला, आणि मला भूक लागली. एवढं सगळं हातचं घालवल्यावरही भूक लागते, या गोष्टीचा मला फार राग आला.

पुढचे दिवस मी आठवायचे टाळतो, पण हवा दमट झाली की ते अंगातून फुटतात. दुपारच्या सुट्टीत दलालांची ऑफिसं. पार्किंगमधून चालताना बूट डांबराला चिकटायचे. या फ्लॅटला वेगळं दार नाही, त्या घराला अंगण नाही, तिसऱ्याचा मालक "शाळा" म्हटलं की फोन ठेवायचा. तळमजला, अंगण, वेगळं प्रवेशद्वार, शाळेला परवानगी असलेली वस्ती: एवढं सगळं एकत्र आम्हाला एकदाच मिळालं होतं, आणि तिथे आता दाढा उपटणार होते. कुलकर्णी रजा टाकून फिरले. त्यांनी "मुळात" म्हणायचं सोडलं. माणूस किती खचलाय हे मला त्यावरून कळायचं.

वृंदा मला एकदाही टोचून बोलली नाही. सरळ कारण तिला कळलं तेव्हा तिने फक्त गॅस बंद केला, बाल्कनीत गेली आणि सगळी मेथी मुळासकट उपटली. रात्री तिची भाजी केली. पानात वाढली. दोघांपैकी कोणीच घास घेतला नाही, आणि ती टाकायचंही धाडस झालं नाही. झाकून फ्रीजमध्ये ठेवली, चार दिवस तिथेच होती.

मुदत संपायची वाट दीपकने पाहिली नाही. गावच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, सहामाहीच्या आत आणलीत तर बसवून घेऊ. त्याने तिकिटं काढली आणि मला तारीख सांगितली. सर्वपित्री अमावास्या. पक्षाचा शेवटचा दिवस. विमानात भरपूर जागा होत्या. तिकिटं काढताना कोणी कॅलेंडरकडे पाहिलं नव्हतं. घर मोडायला मुहूर्त लागत नाही.

शाळा आजतागायत झालेली नाही. मंजुरी गेली, पालक पांगले, वृंदा आता घरी गणिताच्या शिकवण्या घेते, वहीवर, पेनाने. कुलकर्णी पुण्याला परतले. परवा माझी अक्कलदाढ ठणकत होती, तेव्हा कोणीतरी म्हणालं, झिंजमध्ये चांगलं क्लिनिक आहे, अंगणात खजुराचं झाड आहे बघा. मी गोळी घेऊन सहन केलं.

त्या अमावास्येला स्वातीला आणि ओवीला विमानतळावर सोडायला मीच गाडी घेऊन गेलो होतो. ओवीने पाठीवर सॅक लावली होती आणि ती प्रत्येक सरकत्या दाराखाली थांबून दार तिला कसं ओळखतं ते बघत होती. स्वाती तिला ओढत होती. आत जाताना स्वाती माझ्या पाया पडली. बोलली असती तर बरं झालं असतं. दीपकने मुलीच्या सॅकचे पट्टे उगाचच घट्ट केले, मग उगाचच सैल केले. "बाबा, लूज आहे," ती म्हणाली. त्याने पुन्हा घट्ट केले. मग त्या दोघी काचेपलीकडे गेल्या, आणि गर्दीत आधी ओवी दिसेनाशी झाली, कारण ती बुटकी होती.

पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसलो. दीपकचं सामान डिकीत होतं; तिथूनच त्याला कंपनीच्या खोलीवर सोडायचं होतं. मी एसी लावला. त्याने सीटबेल्ट लावला, आणि समोर बघत म्हणाला,

"दादा, बाबा असते ना, तर काय म्हणाले असते ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणाले असते, गधड्यांनो, मी जेवलो नाय तरी चालेल, पोरीचं नाव घाला आधी शाळेत." तो हसला. त्या हसण्याकडे मला बघवेना. "मला ते तेव्हाच ठाऊक होतं. तुझ्या हॉलमधे, पोहे खाताना. पण कुलकर्णीसाहेब थांबा म्हणाले, तू चालेल म्हणालास. मला वाटलं, जाणती माणसं आहेत, दादाला काहीतरी वाटत असेल. मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो."

मी गाडी काढली. त्याच्या खोलीच्या दारापर्यंत सामान नेलं, पाण्याच्या बाटल्या घेऊन दिल्या, खिडकीचा एसी चालतो का ते पाहिलं. आणि एवढं सगळं करून, मीही तेव्हा, पोहे खाताना, त्याच्याच तोंडाकडे बघत होतो, एवढं एक मात्र मला त्याला सांगता आलं नाही.